थोरल्याचा फेटा

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दुसऱ्याचं उचललं तर ती चोरी – हे शेंबडं पोरही सांगेल! पण देवानं आपल्या पदरात टाकलेलं गाठोडं आयुष्यभर सोडूनच बघितलं नाही, तर त्याला काय म्हणायचं? बोला की! भजनाला एवढा आवाज लावलात, आता कशी सगळी चिडीचूप?

ऐका तर. बालाघाटाच्या पायथ्याला विहिरी खोदणारी एक टोळी होती. टोळीचे मुकादम वारले. मागं दोन लेक – थोरला यंकप्पा, धाकटा दुर्गाप्पा.

यंकप्पाला देवानं काय दिलं होतं? कान! संध्याकाळी विहिरीत सुरुंग उडायचा, रात्रभर दगड बसायचे. सकाळी आधी एकटा यंकप्पा खाली उतरायचा, हातोडीनं भिंत ठोकत जायचा. दगड पक्का असला की – ठण्ण! आतून सुटलेला असला की – भद्द! आपल्याला दोन्ही सारखेच हो! आमच्या पखवाजवाल्या महादूबुवांना विचारा, थाप पडताच कळतं पखवाजाच्या डाव्या पुडीला लावलेली कणीक कमी झाली का. जास्त झाली तर घरी नेऊन भाकरी थापतात ती गोष्ट वेगळी! – हसू नका बुवा, ताल चुकेल.

तर यंकप्पानं खालून "या!" म्हटलं, की मगच गडी उतरायचे. त्याच्या कानावर टोळीचे जीव होते.

आणि धाकटा दुर्गाप्पा? त्याला देवानं जीभ दिली होती. मालकाशी बोलणी करावी त्यानंच, रुसलेला गडी हसवून कामावर आणावा त्यानंच. आता सांगा – मुकादम कोण व्हावा?

धाकटा! बरोबर. तुम्हाला कळलं, मला कळलं, टोळीतल्या गाढवांनाही कळलं असेल. पण रीत काय? फेटा थोरल्याचा! आणि दुसरी रीत त्याहून वाईट – ज्याच्या डोक्यावर मुकादमाचा फेटा चढला, त्यानं विहिरीत पाय घालायचा नाही. अपशकुन म्हणे! मग ठोकायला कुणी उतरायचं? मुकादमाच्या भावानं.

झालं! कान गेला वर बाजेवर, आणि जीभ गेली खाली अंधारात.

दुर्गाप्पानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "दादा, मला दगडाचं काय बी कळंना. तू ऐकतूस, मी बोलतू. फेटा मला दे, न्हाईतर गुंडाळून ठेव. पर हातोडी तू घे."

यंकप्पाला पटत नव्हतं का? पटत होतं! मालकासमोर बसला की त्याची दातखीळ बसायची, गडी त्याला जुमानत नव्हते. पण म्हणाला काय? "थोरल्यानं फेटा उतरवला तर लोकं शेण घालतील तोंडात. शिकशील हळूहळू."

लोकं! मंडळी, ही लोकं कोण असतात हो? मी अजून शोधतोय.

पुढं गव्हाण्यांच्या मळ्यात काम लागलं. आदल्या संध्याकाळी सुरुंग उडालेला. सकाळी दुर्गाप्पा दोर धरून खाली उतरला. काठावर बाज टाकलेली, बाजेवर मालक तात्या गव्हाणे आणि शेजारी आपले फेटेवाले यंकप्पा. चहा आला. मालक उसाच्या गप्पा सांगताहेत आणि खालून आवाज येतोय – ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

भद्द.

यंकप्पानं तोंडाला लावलेली बशी खाली घेतली. एवढ्या वरून, एवढ्या बोलण्यातून त्याला ऐकू आलं! अर्धा उठला तो. मालक म्हणाले, "अहो बसा की मुकादम! तुम्हीच पळायला लागल्यावर गडी कशाला ठेवलेत?"

आणि खालून दुर्गाप्पाची हाक – "दादा, समदं पक्कं हाय बरं का!"

दोन शब्द पुरे होते हो. "मागं सर!" बस्स, एवढेच! पण मालकाचं बोलणं तोडायचं कसं? वाटलं, घोट संपला की सांगू. यंकप्पा बसला.

आणि भिंत बसली!

धूळ वर आली. आरडाओरडा झाला. यंकप्पानं बशी फेकली, दोर धरला, फेट्यासकट खाली उतरला. आता कुठं गेला अपशकुन? ढिगाऱ्यावर आडवा पडून दगडाला कान लावला, ओरडला, "गप ऱ्हावा समदी!" आणि आतून आलं – टक्. टक्. हातोडीचा आवाज. भाऊ जिवंत होता!

"हितं! हितं उकरा!" जागा अचूक सांगितली त्यानं. गडी तुटून पडले, नखं फुटली. यंकप्पा कान लावून सांगत राहिला – हाय, हाय, अजून हाय. मग सांगायचा थांबला. गडी समजले, पण हात कुणी थांबवला नाही.

हात सापडला तेव्हा ऊब होती, मुठीत हातोडी होती. दुर्गाप्पा गेला होता. वर काढायचं, पण नुसत्या दोरानं आवळायचं कसं? यंकप्पानं डोक्यावरचा फेटा सोडला. तोच फेटा, मंडळी! त्यातच भावाला बांधून वर चढवलं.

काठावर दुर्गाप्पाची बायको सुंद्रा उभी होती; यंकप्पा अर्धा उठून परत बसलेला तिनं बघितला होता. थोरल्या दिरासमोर तिनं कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली. रडली नाही. एवढंच विचारलं –

"भावजी, तुमास्नी ऐकू आलं व्हतं न्हवं?"

यंकप्पानं मान हलवली. आलं होतं.

त्यानंतर जन्मभर तो प्रत्येक विहिरीत पहिला उतरला. डोकं कायम उघडं. त्याच्या हातून पुन्हा एकही गडी गेला नाही म्हणतात. पण सुंद्राला त्याचं काय?

आता माझ्याकडे बघा. ए मागच्या रांगेतले, भिंतीला टेकलेले – तुम्हीसुद्धा! पोराचा हात लाकडावर फिरतो, अन् तुम्ही म्हणता हापिसातच जा, लोकं काय म्हणतील. पोरगी गणित खेळल्यासारखं करते, तुम्ही तिला चुलीपुढं बसवता. आणि स्वतः? आत कुणीतरी रोज ठोकून सांगतंय – ही जागा तुझी नाही बाबा, ऊठ! – आणि आपण म्हणतो, एवढा चहा होऊ दे.

वर गेल्यावर देव मान विचारणार नाही, फेटा विचारणार नाही. सुंद्रानं विचारलं तेच विचारेल – तुला ऐकू आलं होतं ना?

उत्तर आजच तयार ठेवा, मंडळी. वाजवा टाळ.