झोहराची किल्ली आणि चाळीस अंडी

माझं माहेर रेवदंड्याकडचं. आजोबांचा तेलाचा घाणा होता, आमी यहुदी, शनवारी घाणा बंद, म्हणून गाववाले आमाला शनवार तेली म्हणायचे. लग्न होऊन मुंबईला आली, माझगावला, आमचे मालक मिलच्या वर्कशॉपात फिटर. मूलबाळ झालं नाय. बासष्ट साली यहुद्यांच्या नव्या देशात, लोदच्या विमानतळावर उतरलो ते आमी तिघं, मी, मालक आणि सासूबाई. आमाला सांगितलेलं की घर शहराजवळ आहे. ट्रकमध्ये बसवलं, ट्रक चालला चालला, बेरशेवा शहर पण मागे पडलं, झाडं संपली, मंग गवत पण संपलं, मी मालकांना बोलली, अहो हा माणूस आपल्याला नेतोय कुठे, ते बोलले गप बस, आपल्याच लोकांचं राज्य आहे. मी ट्रंकेवरचा हात काय काढला नाय.

मोशाव म्हणजे शेतकऱ्यांची वसाहत. दोन खोल्या दिल्या, मागे पत्र्याचं लांब खुराडं आणि त्यात तीनशे कोंबड्या. काय सांगू तुमाला, फिटर माणूस आणि कोंबड्या! शिकवायला एक माणूस ठेवलेला, मद्रीख म्हणायचे त्याला, रोज यायचा आणि वहीत काय तरी लिहायचा. मला वाटायचं आमच्याविरुद्ध लिहितोय. पाण्याच्या नळाचे आकडे लिहायचा तो, पण ते मला वर्षाने कळलं. आणि मी तरी विश्वास ठेवायचा कोणावर? त्या दिवसांत रब्बी लोक, म्हणजे इथले धर्मगुरू, आमच्या माणसांची लग्नं अडवून आजीपणजीची चौकशी करायचे, की हे इंडियावाले खरे यहुदी का. मोशावात सगळे मोरोक्कोचे, रुमानियाचे. आमच्याकडे बघून आपसांत बोलायचे. शेजारची झोहरा, मोरोक्कोवाली, पहिल्याच दिवशी माझं मंगळसूत्र हातात धरून उलटंपालटं करून बघितलंन आणि हसली. तेव्हापासून ती माझ्या डोक्यात बसली.

तर या झोहराकडे अंड्यांच्या शेडची किल्ली होती. सगळ्यांची अंडी तिकडे जायची, ती मोजून घ्यायची. नवऱ्याची पाठ मोडलेली, पाच पोरं, त्या किल्लीच्या पगारावर तिचं घर चालायचं. हे मला माहीत होतं हां, माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाय.

मी सकाळी अंडी गोळा करून मोजायची, ओट्यावर ठेवायची आणि स्वयंपाकाला आत जायची. सासूबाई तिथे राखण बसायच्या. मंग मालक हातगाडीवरून शेडात न्यायचे. एक दिवस झोहराच्या मोजणीत चार कमी. दुसऱ्या दिवशी पण चार. तिसऱ्या दिवशी पाच. मी मालकांना बोलली, ती बाई आपली अंडी खाते. ते बोलले, तुझंच चुकत असेल. मंग मी दोनदोनदा मोजली, खडूने भिंतीवर रेघा मारल्या. माझं चुकत नव्हतं. दहा दिवस मी ते बघितलं आणि अकराव्या दिवशी मालकांना ओढून कमिटीपुढे नेलं. मालकांची हिब्रू सगळी प्रार्थनेच्या पुस्तकातली, त्या हिब्रूत त्यांनी झोहराला चोर म्हटलंनी. कमिटीवाले आधी हसले, मंग माझा खडूचा हिशोब बघायला घरी आले, मंग हसले नायत. झोहरा पोरांची शपथ घेत होती. किल्ली काढून दुसरीला दिली. आणि ऐका, दुसऱ्या दिवसापासून आकडा बरोबर आला. एक पण कमी नाय. मी म्हटलं, बघा.

महिनाभर मी ताठ मानेने फिरली. झोहरा दुसऱ्यांच्या शेतात गाजरं काढायला जायची, ऊन असो वारा असो.

मंग एक दिवस घराच्या मागे वास यायला लागला. मुंबईवरून सामान ज्यात आलेलं त्या लाकडी पेटाऱ्यात सासूबाईंची जळणाची लाकडं असायची, त्या मला तिकडे जाऊ देत नसत, मी आणते तू बस, म्हणायच्या. मी फळी उचलली. आत गवतावर तीन कोंबड्या खुडूक बसलेल्या, आणि त्यांच्याखाली अंडी. चाळीस. काही फुटून हिरवी पडलेली.

सासूबाईंना विचारलं तर त्या रडायलाच लागल्या. त्यांचं म्हणणं, कोंबड्या खुडूक होतात आणि तो मेला मद्रीख त्यांना उठवून लावतो, एवढी अंडी विकायची आणि घरात एक पिल्लू नाय, असं कुठे असतं. कमिटीवाले खडूच्या रेघा बघायला आले तशा घाबरल्या आणि अंडी उचलायची बंद केली त्यांनी. पिल्लं निघाली की एलियाहू हन्नाबीचा, आमच्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराचा, मलिदा करीन असा नवस पण बोललेल्या. मी म्हटलं, अहो, तीनशे कोंबड्यांत कोंबडा एक तरी बघितलात का? कोंबड्याशिवाय अंड्यातून पिल्लू निघेल कसं? गावाला कोंबडा दारात असायचा, तो असतो म्हणून कोणी मोजत नसे. मंग माझे हात धरले त्यांनी. कोणाला सांगू नकोस, आधीच आपल्याला जंगली समजतात, म्हातारी चोर निघाली म्हणतील, मला तोंड दाखवता यायचं नाय.

मी तीन दिवस जेवली नाय. आमच्यावर कोण संशय घेतो म्हणून मी जळायची, आणि मी काय केलेलं? मोठी लाज वाटली. चौथ्या दिवशी शेडपाशी सगळ्या बायका जमलेल्या, कमिटीवाला पण होता, झोहरा तिची अंडी घेऊन आलेली. मालकांना बरोबर नेलं नाय. मला जेवढी हिब्रू येत होती तेवढी बोलली. लो झोहरा. अनी. म्हणजे झोहरा नाय, मी.

कमिटीवाल्याने विचारलं, का केलंस? खरं सांगितलं तर म्हातारीचं नाव आलं असतं. झोहराने किल्ली परत घेतलीन, माझ्याकडे बघितलंन, आणि पायाशी थुंकली.

आता चौसष्ट साल चालू आहे. कोंबड्या पाचशे झाल्या, मालकांनी पाण्याचे पाइप स्वतः जोडले, मद्रीख त्यांनाच विचारायला येतो. झोहराची पोरं माझ्या दारावरून जातात, हाक मारली तर पळतात. तिला वाटतं मी तिचं घर मोडायला मुद्दाम अंडी लपवली, आणि तिच्या जागी मी असती तर मला पण तेच वाटलं असतं. मालकांना सगळं माहीत आहे, ते बोलतात, सांगून टाक एकदा. कसं सांगू? म्हातारी ओट्यावर बसून रोज तिला शालोम म्हणते आणि झोहरा पण म्हातारीला हसून शालोम म्हणते, कधी संत्री आणून देते. ते बघून बरं वाटतं हो. तुमी माझं बोलणं लिहून घेतलंय ते कागद म्हातारी आहे तोवर पेटीत ठेवा. देवाने तिला शंभर वर्षं द्यावीत. तोवर चोर मीच.