कोरडा दोर

साखराबाई : आन् मग? कबरीवरची धोंड सरकलेली बघून त्या बाया काय करत्यात?

परमेश्वर : धावत जाऊन शिष्यांना सांगतात, कबर रिकामी आहे, येशू उठला. माय, माझा मुद्दा इथंच आहे, रविवारी गेवराईच्या प्रार्थनेत हाच मांडणार. त्या काळी बाईच्या साक्षीला किंमत नव्हती. गोष्ट रचायचीच होती तर चार वजनदार पुरुष उभे केले असते. बाया कशाला घेतल्या असत्या?

साखराबाई : खरंच घडलं म्हणून घेतल्या.

परमेश्वर : तेच! आणि अंगावरचं कापड तिथंच पडलेलं. मुडदा चोरणारा कापड सोडत बसेल का?

साखराबाई : न्हाई बसत. मेंढरू चोरणारा आदी लोकर कातरत बसत न्हाई.

परमेश्वर : हे वहीत लिहून ठेवतो, रविवारी सांगतो बघ. तुला पटलं म्हणजे सगळ्यांना पटेल.

साखराबाई : शिष्यांला पटलं का?

परमेश्वर : आधी नाही. म्हणाले, बायांची वायफळ बडबड.

साखराबाई : तू बी म्हणलतास, डोस्कं फिरलंय मायचं. ठाण्यात. माज्याकडं बघितलं बी न्हाईस, जमादाराकडं बघून म्हणलास.

परमेश्वर : ते कावून काढतीस आता?

साखराबाई : संगीताला जाऊन परवा तीन वर्सं व्हतील. तुजी बहीण पाणी शेंदताना पाय घसरून आडात पडली, आसं तिच्या सासरच्यांनी सांगितलं. मी गेले तवा तिला नुकतीच वर काढलती. मी आडावरचा दोर हातात घेतला. कोरडा ठणठणीत. बादलीत कोळ्याचं जाळं. पाणी शेंदाया गेलेल्या पोरीची बादली आशी आसती का?

परमेश्वर : बघणारी तू एकटीच होतीस, माय.

साखराबाई : एकटीच. त्यात बाई.

परमेश्वर : मी भ्यालो. त्यांची माणसं ठाण्याबाहेर उभी व्हती. कागदावर अपघात लिव्हून घेतला, मी सही केली. रोज रात्री आठवतं मला.

साखराबाई : तुज्या देवाला मी खोटं म्हणत न्हाई. त्या बायांचं खरंच आसंल. पर त्यांचं ऐकून कुणी बघाया उठलंच न्हाई का?

परमेश्वर : उठला. एकजण पळत गेला.

साखराबाई : तू आडावर गेलतास?

परमेश्वर : न्हाई.

(वाड्यात मेंढरं हलतात.)

साखराबाई : उद्या ठाण्यात चल माज्यासंगं. नवा अर्ज देऊ.

परमेश्वर : तीन वर्सं झाली, माय. तो दोर आता कुठं आसंल? कोण खरं धरंल आपलं?

साखराबाई : तुज्या बायांला किती वर्सं झाली?

परमेश्वर : दोन हजार.

साखराबाई : तरी तू खरं धरतूस.

परमेश्वर : माय…

साखराबाई : वही हातातच हाय तुज्या. त्या बायांचं जिथं लिव्हलंस ना, त्याच्याखालीच लिव्ह. दोर कोरडा व्हता.

परमेश्वर : लिव्हलं.

साखराबाई : बादलीत जाळं व्हतं.

परमेश्वर : व्हतं. साक्षीदार कोण लिव्हू?

साखराबाई : पोरीची आई. दुसरं कुणी आलंच न्हाई.