पेनड्राइव्हला पंचामृत

...आणि मला कुणी अडवलं का? नाय! घरात एवढी माणसं उभी, सासूबाईंचा श्वास वरखाली होतोय, आणि मी आपली त्यांचा हात धरून रडत रडत मोठ्यानं बोलून बसले, "दर सोमवारी तुमच्याच तोंडून कहाणी ऐकीन, त्याशिवाय घास घ्यायची नाय!" एकानं तरी म्हणावं ना, अगो देवकी, बाई चालली, आता कहाणी कोण सांगणार? कुणी काय बोललं नाय. महादेवानं मात्र ऐकलं. झाला नेम पक्का.

तुमाला सांगते, मी अगदीच वेडी नव्हते हो. आमचा रविंद्र, माझा मुलगा, वाशिंदला कंपनीत आहे, त्यानं आजीची कहाणी फोनात भरून घेतली होती. ती काय पुस्तकातली नाय बरं का! आमच्या सासूबाईंच्या कहाणीत महादेव-पार्वती सिद्धगडाच्या रानात वाट चुकतात, पार्वतीला भूक लागते, आणि भाताची लावणी करणारी एक बाई फडक्यातली भाकर सोडून तिला देते. आता सांगा, कुठल्या पुस्तकात सिद्धगड आहे? मग पुढं रविंद्रनं फोन बदलला, जुना दुकानात देऊन टाकला, पण त्याआधी आजीला पेनड्राइव्हमधे घातलं. एवढासा, माझ्या करंगळीएवढा. अख्ख्या आमच्या सासूबाई, बाईजाबाई, त्यात! सोबत कंपनीनं काढून टाकलेला कॉम्प्युटर एसटीनं इथं आमच्या टोकावड्याला आणला, देव्हाऱ्याशेजारी मांडला आणि म्हणाला, "आई, यातली डिस्क म्हातारी झालीय, तिच्यावर काय ठेवू नको. पेनड्राइव्ह पक्का."

पक्का! ऐका पुढं.

सोमवार उजाडला की मी अंघोळ करून, दिवा लावून, मुठीत तांदूळ घेऊन बसायची. कहाणी ऐकताना तांदूळ हातात धरायचे, संपली की देवाला वाहायचे, मग जेवायचं. सासूबाई होत्या तेव्हा वीस मिनिटांचं काम. आता? बटण दाबलं की तो कॉम्प्युटर आधी घरघरणार, मग निळा होणार, मग काळा होणार, मग पांढरी टिकली गोल गोल गोल गोल... रविंद्रला फोन लावावा तर तो म्हणणार, "आई, बंद करून चालू कर." केला. "परत कर." परत केला. "काय दिसतंय?" "टिकली." "मग थांब, अपडेट होतोय, मधे बंद नको करू हां!" अरे पण किती थांबू? कधी अकरा वाजायचे, कधी एक, एकदा तर टिकली शंभरातल्या नव्व्याण्णववर आली आणि लाईट गेली. गेली ती दिवेलागणीला आली. तोवर डाळ आंबली, आणि मी आपली मुठीत तांदूळ घेऊन बसलेली.

शेजारची जना येऊन चिडवायची, "काय गो, आज सासू उठली का नाय?" "उठतेय." "माझी बरी, हाक मारायच्या आधी उठते!"

आणि आमचे हे. अनंता नाव, पण बोलणं असं की शब्द शेतात पेरून संपले असावेत. आई गेली तेव्हा रडले नाय, नंतर नाव काढलं नाय. फक्त सोमवारी शेतातून लवकर यायचे, ओटीवर दाराकडे पाठ करून टोपली विणायला बसायचे. आईचा आवाज सुरू झाला की हात थांबायचे. आवाज बंद, की उठून चालू पडायचे. तीन वर्षं झाली, टोपली अजून तेवढीच आहे. मी कधी विचारलं नाय. काय विचारणार?

तर या दसऱ्याला मी म्हटलं, घरातल्या कोयत्याची पूजा, विळ्याची पूजा, पाट्यावरवंट्याचीपण पूजा, आणि जो दर सोमवारी माझा नेम पार पाडतो तो तसाच? नाय जमणार. पेनड्राइव्ह तामणात घेतला. आधी पाणी, मग पंचामृत, परत पाणी. फडक्यानं पुसला, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. इतका गोड दिसत होता, काय सांगू! आणि योगायोग बघा, दुसऱ्या दिवशी सोमवार. लावला तसाच.

एरवी लावला की टिंग वाजायचं. वाजलं नाय.

काढला, पदरानं पुसला, फुंकर मारली, परत लावला. टिंग नाय. बंद करून चालू केला. टिंग नाय. ओटीवर ह्यांची पाठ. टोपली हातात, हात थांबलेले. आवाजाची वाट बघत. आणि मी आपली मुठीत तांदूळ घेऊन बसलेली.

त्या दिवशी दोघं जेवलो नाय. ह्यांचा नेम नव्हता, तरी जेवले नाय.

मंगळवारी मुरबाड गाठलं. तिथं रुपाली म्हणून एक बाई कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते, हात हलका, बोलणं गोड. तिनं पेनड्राइव्ह उघडला, भिंगातून बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत भिंगातून बघितलं.

"काकी, यात कुंकू हाय."

"हो, वाहिलंय ना."

"आणि हे चिकट काय?"

"पंचामृत."

तिला हसू आलं होतं, माझं तोंड बघून गिळलं बिचारीनं. "ओला असताना लावलात ना? आतलं जळलं सगळं. यातनं काय निघायचं नाय काकी. दुसरी कॉपी कुठं हाय?"

"दुसरी?" मी म्हटलं. "दुसऱ्या नव्हत्या. सासूबाई एकच होत्या."

तिनं एक रुपया घेतला नाय, पाणी प्यायला दिलं. मला रडू आलं असं वाटलं ना तुमाला? नाय आलं. काहीच आलं नाय. एसटीत बसले, कंडक्टरनं विचारलं कुठं, तर नाव आठवेना गावाचं. बधिर झालेल्या पायासारखं सगळं अंग. एकच घोकत होते, आईला ह्यांच्या मी मारलं. पूजा करून मारलं. आता ह्यांना सांगायचं कसं?

सांगितलं. सरळ उभी राहून सांगितलं, कुंकवासकट. ह्यांनी ऐकलं. "बरं," म्हणाले. पाच दिवस दुसरा शब्द नाय.

मग सोमवार आला. मी बसले. काय ऐकायला? काय नाय. पण वेळ झाली, बसले. जना आली, "अगो, मोबाइलवर किती कहाण्या हायत, बासरीपण वाजते मागं, लावू का?" मी मान हलवली. एक वाजला. दोन वाजले. हे ओटीवरून आत आले.

"जेव."

"नेम हाय माझा."

"मग काय उपाशी मरशील?"

मी मूठ उघडली नाय. हे परत ओटीवर गेले, दाराकडे पाठ केली, टोपली घेतली, आणि... "सिद्धगडाच्या रानात महादेव-पार्वती चालली होती गो बाय..." असं सुरू! चाल तीच, हेल तोच. मधेच खोकले. मला वाटलं घसा बसला. नाय हो! तुमाला सांगायचं राहिलं, त्या रेकॉर्डिंगमधे तिथं सासूबाई खोकायच्या. मग ह्यांनी कोंबडी काढली, क्वाक क्वाक, कारण तिथं कोंबडी ओरडली होती. मग रविंद्रच्या आवाजात, "बोल आजी, बोल!" तीन वर्षांतलं एक अक्षर सांडलं नव्हतं. आणि मधेच थांबले. मला वाटलं, विसरले. मग आठवलं, सासूबाई तिथं पाणी प्यायला थांबायच्या. मी उठले, तांब्या नेऊन दिला. ह्यांनी पाठ न वळवता हात मागं केला. प्यायले. खांदे थोडे हलले. मी बघितलं नाय.

कहाणी संपली. तांदूळ वाहिले. दोघं जेवलो.

आता महादेवानं हे धरलं का नाय, मला ठाऊक नाय. 'तुमच्याच तोंडून' असं बोलले होते ना मी, तोंड तर लेकाचं. पण रागवायचा असता तर एव्हाना रागवला असता. फक्त आता हे दर सोमवारी सांगतात, आणि मन लागलंय हो त्यांचं! आईनं सांगितलेलं सांगून होतं, मग आईबद्दलचं सुरू, मग तिच्या बैलाबद्दल, मधे तंबाखू, मधे चहा. याला बंद करून चालू करायची सोय नाय, आवाज कमी करायचं बटण नाय. आणि मी आपली मुठीत तांदूळ घेऊन बसलेली, चार-चार वाजेपर्यंत.

तर बायांनो, मागणं एवढंच. तुमीपण असा नेम धरा. घरातलं जे माणूस बोलत नाय, त्याच्या तोंडून एक कहाणी ऐकल्याशिवाय जेवायचं नाय. मात्र बोलताना जपून बोला गो, 'कहाणी संपली की जेवीन' असं नका बोलू, 'सुरू झाली की जेवीन' असं बोला. तो वर बसलेला शब्दाला शब्द धरतो, आणि जेवायला उशीर आपल्याला होतो.