सगळीकडे ‘येथे’

“परवा इथंच बसून अर्ज भरला, मग आज यादीत पोरीचं नाव कसं नाही?”

जव्हारच्या सायबर कॅफेत माझा नंबर या गोदीबाईंच्या मागे होता. शेजारी त्यांची सुनिता, नर्सिंगच्या प्रवेशासाठी आलेली. कॅफेवाला उमेश पडद्यावरून नजर हलवत नव्हता.

“मावशी, वेबसाइटच तसली. सात ओळी, आणि सातही ओळींवर लिहिलंय ‘येथे क्लिक करा’. माणसानं दाबायचं कुठं?”

“तू कुठं दाबलंस?”

“पहिल्या ओळीवर. ती मागच्या वर्षीच्या अर्जाची निघाली.”

माझ्या मागे उभे असलेले गौतम सर हसले. “उद्या डेपोतल्या सगळ्या एसटींना ‘येथे बसा’ एवढीच पाटी लावा म्हणावं. खोडाळ्याला जाणारा माणूस नाशकात उतरेल.”

“लिहिणारा शिकलेला असंल ना, सर?”

“भरपूर. त्याला ठाऊक असतं कुठली ओळ कुठं जाते. त्याचं भागलं.”

“आम्ही अडाणी, तरी बियाण्याच्या मडक्यांना वेगळ्या चिंध्या बांधतो. लवकर पिकणारी हळवी नागली कुठली, उशिराची गरवी कुठली, आंधळ्यालाबी कळंल.”

“त्यांना तुमच्याकडं शिकायला पाठवा, मावशी.”

“नको रं. चिंधीवर पण ‘येथे’ लिहितील.”

सगळे हसले. उमेश जरा जास्तच.

“बरं, आता दुसरी ओळ दाबून बघू. होईल काहीतरी.”

सुनिता म्हणाली, “नका दाबू, दादा. मुदत काल संपली. माझं हे वर्ष गेलं.”