दोन टोप्यांवरचा हल्ला

सकाळी साडेआठ, मिरकरवाडा बंदर, लिलाव चालू, आणि मी बर्फाच्या लादीवर आडवा! वर लोक काय म्हणतात? "पेपरवाल्यांना सगळीकडे राखीव जागा लागते!" अहो, तीस वर्षं बातमीदारी केली, वाळूवाल्यांच्या धमक्या पचवल्या... घाबरणं आपल्याला माहीत नाही, तुम्हाला सांगतो!

झालं काय, सहा महिने मी वाळत होतो, काळा पडत होतो. जो तो म्हणे, "बंदरावरचं ऊन रे, अनिल!" पण हिरड्याही काळ्या! हिरड्यांना ऊन लागतं? मी काय जबडा उघडा टाकून लिलाव बघतो? उठलो की चक्कर. आमच्या वैष्णवीनं, म्हणजे बायकोनं, निकाल दिला, "चक्कर म्हणजे प्रेशर. मीठ बंद!" आमटी अळणी, भात अळणी, आणि इकडे जीव मिठासाठी वेडापिसा! मग धक्क्यावर येसूबाई मासे खारवते ना, तिच्या गोणीतले खडे चोरून चघळायचो. पकडलं तिनं. "काय रे मेल्या, डोहाळे लागले काय तुला?" अख्खा धक्का हसला! आणि त्या दिवशी बघतो तर बया गोणीवरच बसलेली. "वैनीचा फोन आला होता. खडा मिळायचा नाही!" मी तिथंच बर्फाच्या लादीवर कोसळलो.

दवाखान्यात डॉक्टर शमिका, पोरीच्या वयाची. माझा तळहात बघत बसली. म्हटलं, भविष्य सांगते की काय? तर रेषा काळ्या! रक्त तपासलं, म्हणाली, "काका, मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यांना सूज येऊन त्या निकामी झाल्यात, म्हणून अंगात मीठ टिकत नाही. तुम्हाला मीठ तोडायचं नव्हतं, जास्त खायचं होतं."

"सूज आणली कोणी?"

"तुमच्याच शरीरानं. हल्ला केलाय त्यांच्यावर."

"का?"

"ते नक्की सांगता येत नाही, काका."

तीस वर्षं हेच उत्तर ऐकतोय, पण साहेब लोकांकडून! वर म्हणते, "गोळी जन्मभर. चुकवायची नाही. उलटीत पडली तर लगेच इंजेक्शन, नाहीतर..." नाहीतर काय? वाक्य पुरं करा ना! ती चिठ्ठी लिहायला लागली.

घाबरणं आपल्याला माहीत नाही. फक्त खिशात गोळ्या, उशीखाली गोळ्या, स्कूटरच्या डिकीत गोळ्या... साधा ढेकर आला तरी काळजात धस्स होतं. वैष्णवी न मागता मीठ वाढते, घास उतरेपर्यंत बघत बसते. भांडत नाही हो माझ्याशी! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा... तेव्हा मात्र मी उशीखालच्या गोळ्या पुन्हा मोजतो.

असो. बातमी मनात तयार आहे. हल्लेखोर घरातलाच, पळालेला नाही, अजून आतच आहे. आणि हल्ल्याची जबाबदारी अद्याप कोणीही स्वीकारलेली नाही.