होकार नाही, नकारही नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले मुख्याध्यापक ओर्डेलसर. शाळा मंडळाच्या सभासद टोरवाल्डबाई. माझ्या भाषणाआधीच घड्याळाकडे बघू लागलेल्या उत्सवमूर्ती लॉर्ना हास्कविट्झबाई. आणि मागच्या टेबलावरच्या हॉटडिशच्या गरम पातेल्यांवर डोळा ठेवून बसलेले पाइन फोर्क्सचे सुजाण पालक आणि आजी-माजी विद्यार्थी हो,

मी एल्मर न्यूस्ट्रॉम, इथे भौतिकशास्त्र शिकवतो. लॉर्नाबाई आज समुपदेशकपदावरून निवृत्त होताहेत. मुलांना कॉलेजची वाट दाखवणं हे त्यांचं काम. पण त्यासाठी आधी पालकांना वाटेतून बाजूला करावं लागतं, हे किती जणांना ठाऊक आहे? नसेल तर कर्टिस हॅल्वरसनला विचारा. तो बघा, खिडकीपाशी. लपू नकोस रे!

कर्टिसची ब्रेना हुशार मुलगी. पूर्वेकडच्या एका मोठ्या कॉलेजात तिने नोव्हेंबरातच अर्ज केला. डिसेंबरात उत्तर आलं: होकार नाही, नकारही नाही, बाकीच्या अर्जांबरोबर मार्चमध्ये पुन्हा बघू. झालं! सगळं गाव कामाला लागलं. पास्टरांनी शिफारस धाडली, हॉकीच्या प्रशिक्षकांनी धाडली, दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा धाडली. दाढा उत्तम आहेत म्हणे! आणि कर्टिसने? स्वतः धुरी दिलेला अख्खा मासा प्रवेश-कार्यालयाला टपालाने पाठवला. नेमकी ख्रिसमसची सुट्टी लागली. मासा बंद ऑफिसात पडून राहिला. पुढचं सांगत नाही, आपल्याला जेवायचंय.

या धामधुमीत ब्रेनाचा अभ्यास बाजूलाच पडला. शेवटच्या वर्षाचे मार्क कोण बघतंय, असं समजून ती माझ्या विषयात पार 'सी'पर्यंत घसरली. लॉर्नाबाईंनी बापलेकीला बोलावलं, मलाही बोलावलं.

"कर्टिस, आणखी काय पाठवणार आहेस?"

"सध्या काही नाही, बाई. आईने कॉलेजच्या साहेबांसाठी हातमोजे विणायला घेतलेत."

"ते ब्रेनाला घाल. कॉलेजने पहिल्या सहामाहीचे मार्क मागवलेत, हातमोजे नाहीत."

ब्रेना म्हणाली, "बाई, आधीच्या सगळ्या वर्षांचे मार्क आहेत की त्यांच्याकडे!"

"ते बघूनच अडलेत ना गं ते? आता नवीन काय दाखवणार, हा 'सी'?"

पोरीचा चेहरा उतरला. "मला लहानपणापासून तिथेच जायचंय हो. आता नाहीच का जमणार?"

"ते माझ्या हातात नाही. जानेवारीची परीक्षा मात्र तुझ्या हातात आहे."

मला वाटलं, आता बाई मार्कांसाठी माझ्याकडे शब्द टाकणार. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "एल्मर, मधल्या सुट्टीत काय करतोस?"

"जेवतो."

"उद्यापासून शिकवत शिकवत जेव."

आणि स्वतः ब्रेनाशेजारी येऊन बसू लागल्या. भौतिकशास्त्रातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण जे विचारायची ब्रेनाला लाज वाटायची, ते सगळं बाई विचारायच्या. "नाही कळलं, परत सांग." माझी सँडविचं तशीच राहायची, पण पोरगी शिकली.

जानेवारीत तिने 'ए' मिळवला. मी दिला नाही. मी मार्क देतच नाही, अशी या सभागृहातल्या निम्म्या लोकांची जुनी तक्रार आहे. मार्चमध्ये कॉलेजचा होकार आला. ब्रेना नाचतच बाईंच्या खोलीत शिरली. बाई काय म्हणाल्या असतील?

"छान. कॉलेजवाले जूनचे मार्कही मागवतात, आणि दिलेला होकार परतही घेतात. घंटा झालीय, पळ वर्गात."

ती गेली, आणि बाईंनी दार लोटून डोळे पुसले. मी तिथेच होतो. हे कुणाला सांगायचं नाही, असा मला दम आहे. म्हणून फक्त तुम्हा सर्वांनाच सांगतोय.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि अन्न थंड होऊ दिल्याबद्दल स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आभार. थट्टेत कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. कर्टिसने नाही सोडलं तरी चालेल.

लॉर्नाबाई, येत्या डिसेंबरात कुणाच्या तरी घरी असंच अर्धवट उत्तर येईल. ते मूल रडत तुमच्या खोलीकडे धावेल, आणि आत तुम्ही नसाल. मला त्या दिवसाची फार भीती वाटते, बाई.