दोन महापौर, एक गाडी

बसच्या रांगेत माझ्यापुढे महापौरांच्या गाडीचा ड्रायव्हर उभा होता, पांढऱ्या गणवेशात. सोबत त्याचा मेहुणा.

"भावोजी, तुम्ही आणि बसने?"

"गाडीत पेट्रोल कुठंय? निवडणुकीचा वाद मिटेना. दोघंही स्वतःला महापौर म्हणवतात, दोघंही चेकवर सह्या करतात, म्हणून बँक कुणाचाच चेक वटवत नाही. अख्ख्या पालिकेचे पगार अडकलेत."

"मग तुम्ही दिवसभर करता काय?"

"गाडी चालवतो."

"पेट्रोलशिवाय?"

"अरे, दोघंही सकाळी येऊन मागच्या सीटवर बसतात. आधी जो उतरेल त्याची खुर्ची गेली, असं दोघांनाही वाटतं. मी आपला स्टिअरिंग धरून बसतो. मधूनच हॉर्न वाजवतो, तेवढीच ड्यूटी."

"दोघांना सारखी मतं पडली ना? आणि उरलेल्या एका मतपत्रिकेवर म्हणे कुण्या शहाण्यानं दोघांच्याही नावापुढे शिक्का मारलाय."

"हळू बोल."

"का?"

"दोघांनीही मला हात जोडले होते रे. तुझी बहीण सोडली तर जन्मात कुणी मला हात जोडले नव्हते, आणि तीही वैतागून जोडते. एकाला नाही कसं म्हणायचं?"

"भावोजी! म्हणजे ते शहाणे तुम्ही?"

"आता रोज मागे बसून दोघंही त्या गाढवाला शिव्या घालतात. तेवढ्यावर मात्र त्यांचं एकमत."

"आणि तुम्ही?"

"मीही घालतो. सगळ्यांत जोरात मीच."